जगाची डिग्री, कोरीटचा पत्ता

'इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय' असं घरातल्या बारावीवाल्यानं जाहीर केलं तर तुम्ही काय सांगाल? ब्रोशर चाळण्याआधी हे वाचा.

"हाई कसानी डिग्री शे वो?"

आजीनं प्रश्न टाकला तेव्हा ओट्यावर आम्ही पाच जण बसलो होतो आणि पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मावशीच्या हातात एक गुळगुळीत ब्रोशर होतं. त्यावर पृथ्वीचा गोल, गोलासमोर कोट घातलेली चार हसरी मुलं आणि खाली सोनेरी इंग्रजी अक्षरांत बी.ए. ऑनर्स, ग्लोबल-काहीतरी. "तू पुण्यात पत्रकार शेस ना," मावशी म्हणाली, "मग तूच सांग आता."

मंडळी, हे तुमच्याही वाट्याला आलं असणारच. शहरात नोकरी लागली की आपण आपोआप घराण्याचे करिअर काउन्सेलर होतो. कुणाला इंजिनीअरिंगची ब्रँच विचारायची असते, कुणाला एमबीएचं कॉलेज. या बाबतीत मीही तयारीची आहे. पण हा प्रश्न माझ्या सिलॅबसबाहेरचा निघाला.

स्थळ कोरीट, जिल्हा नंदुरबार. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून नंदुरबारला उतरायचं, कोरीट नाक्यावर चहा घ्यायचा आणि मावशीचं गाव गाठायचं, हा माझा लहानपणापासूनचा जानेवारीचा कार्यक्रम. या दिवसांत नंदुरबारच्या आसपास सगळं लालभडक असतं. मिरची वाळवायच्या मैदानाला इथे पथारी म्हणतात, आणि पथाऱ्यांवरून वारा सुटला की पाहुण्याला पहिलं स्वागत शिंकांचं मिळतं. त्या शिंका देत देतच मी मावसबहिणीचं म्हणणं ऐकून घेतलं. बारावी आर्ट्स, मार्क चांगले, वाचन भरपूर, आणि डोक्यात एकच: "ताई, मला जगाबद्दल शिकायचंय. डी.एड. नाही, बँकेच्या परीक्षा नाहीत. जगाबद्दल."

काकांनी ब्रोशरचं फक्त शेवटचं पान वाचलं होतं. फीचं. "चार वर्षांचं मिळून दीड एकर," ते शांतपणे म्हणाले. रुपयांत नाही, एकरांत. ओट्यावर मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मी ब्रोशरवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. मॅम, आमची मुलं युनायटेड नेशन्समध्ये जातात. आतापर्यंत किती गेली? मॅम, या फील्डला खूप स्कोप आहे. बरं, परकीय भाषा कोणती शिकवता आणि किती वर्षं? इथे पॉज. मग, "मॅम, मीडियम इंग्लिशच आहे."

खरं सांगायचं तर मला तिची कीव आली. मी स्वतः मास कॉमवाली. आमच्या कॉलेजच्या ब्रोशरवर सॅटेलाइट व्हॅनचा फोटो होता. कॉलेजात असेपर्यंत व्हॅन एकदाच दिसली, तीही कुठल्याशा चॅनलची, गेटसमोर पार्क केलेली. तर नावावर आणि फोटोवर जायचं नाही, हा फंडा मला दीड एकर न विकता समजलेला आहे.

वरून बघायचं की आत शिरायचं?

आधी या दोन नावांतला गोंधळ मिटवू. इंटरनॅशनल रिलेशन्स म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध. देश एकमेकांशी कसे वागतात, करार का करतात, का मोडतात, युद्धं, व्यापार, संयुक्त राष्ट्रं वगैरे. म्हणजे नकाशाकडे वरून बघणं. एरिया स्टडीज किंवा रीजनल स्टडीज म्हणजे नकाशाचा एक तुकडा उचलायचा आणि त्याच्या आत शिरायचं. तिथली भाषा, इतिहास, शेती, सिनेमा, निवडणुका, लग्नं, सगळं.

उदाहरण देते. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला व्यापार करार 2010 मध्ये लागू झाला. त्यात कुणाचं फावलं, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. कोरियातली गावं म्हातारी का होत चाललीत आणि तिथली तरुण मुलं लग्नाला नको का म्हणतायत, हा दुसऱ्या प्रकारचा. पहिल्याचं उत्तर इंग्रजी रिपोर्ट वाचून बरंचसं देता येतं. दुसऱ्याचं उत्तर कोरियन पेपर वाचता येत नसेल तर देता येत नाही. फोनवरच्या त्या मुलीला मी भाषेचं विचारलं ते यासाठी. जगाचा अभ्यास शिकवतो म्हणणाऱ्या डिग्रीत एकही परकीय भाषा धडपणे नसेल, तर ती डिग्री चांगल्या इंग्रजी पेपरच्या वर्गणीपेक्षा फार पुढे जात नाही, असं माझं मत. महागडी वर्गणी, इतकंच.

गंमत अशी की आपण महाराष्ट्रातली माणसं या विषयाच्या दुसऱ्या बाजूला केव्हापासून उभी आहोत. आपण कुणाचा तरी 'एरिया' होतो! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लक्षात आलं की जगावर वजन ठेवायचं तर जगाच्या भाषा येणारी माणसं हवीत. रशियानं 1957 मध्ये स्पुटनिक सोडला, घबराट झाली आणि 1958 मध्ये तिथे कायदा होऊन परकीय भाषांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा वाहायला लागला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आपली मराठीही शिकवली जाऊ लागली.

त्या काळात जी माणसं इकडे आली त्यांची नावं आपल्याला पाठ हवीत. एलिनॉर झेलियट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या. त्यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला आणि पुढची कित्येक दशकं दलित साहित्याबद्दल जगाला सांगत राहिल्या. 2016 मध्ये त्या गेल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या लोकांच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. भारतीय नागरिकत्व घेतलं, मुलांसाठी शाळा काढली. जर्मनीतल्या हायडलबर्गचे गुंथर सोन्थायमर तर खंडोबा आणि बिरोबाच्या मागे धनगरांसोबत माळरानं तुडवत फिरले. यातल्या कुणीही इंग्रजीवर भागवलं नाही. आधी मराठी शिकली, मग तोंड उघडलं.

आमच्या जिल्ह्याचंही तसंच. कुपोषण, नर्मदेचं धरण, विस्थापन या विषयांवर अभ्यास करायला लोक कुठून कुठून अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत येऊन गेले. नंदुरबार त्यांचं 'फील्ड'. उलट दिशेची वाहतूक मात्र नगण्य. नंदुरबारच्या मुलीनं दुसऱ्या कुणाच्या देशाला आपलं फील्ड म्हणावं, ही कल्पनाच आपल्याला जरा हटके वाटते. मला ओट्यावर बसून ती एकदम सॉलिड वाटली.

आणि आंतरराष्ट्रीय वगैरे म्हणाल तर हे गाव त्याला नवखं नाही. सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूरच्या व्यापारी रस्त्यावर नंदुरबार भरभराटीला आलेलं होतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या रस्त्यानं गेला. 1666 च्या सुमारास इथे इंग्रजांची वखार होती. आजही बाजारात उभं राहा, दहा मिनिटांत अहिराणी, गुजराती, हिंदी, मराठी आणि भिल्लांच्या दोन-तीन बोली कानावर येतील. माझी मावसबहीण भाजीवाल्याशी एका भाषेत घासाघीस करते, मैत्रिणीशी दुसऱ्या भाषेत कुजबुजते आणि परीक्षा तिसऱ्या भाषेत देते. आपण हे 'भाषा येणं' धरतच नाही. आपल्या लेखी भाषा येणं म्हणजे इंग्रजी येणं. तिचं इंग्रजी यथातथा आहे, म्हणून तिला वाटत होतं आपण मागे.

मग शिकायचं कुठे?

वाईट बातमी आधी. या विषयाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दिल्लीच्या जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. 1955 मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून निघालं, 1970 मध्ये जेएनयूत आलं. पण तिथे प्रवेश एम.ए.पासून. बारावीवाल्याला दार बंद. आपल्या देशात हा विषय मुळात पदव्युत्तरच मानला गेला, बी.ए.ला तो राज्यशास्त्राच्या एखाद्या पेपरात कोंबलेला असतो.

चांगली बातमी त्याच कॅम्पसमध्ये आहे. जेएनयूच्या भाषांच्या स्कूलमध्ये परकीय भाषांचं बी.ए. ऑनर्स बारावीनंतर करता येतं. कोरियन, जपानी, चिनी, फारसी, अरबी, रशियन, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच, अशी लांबलचक यादी. भाषा शून्यापासून शिकवतात आणि तिच्याबरोबर त्या प्रदेशाचा इतिहास, समाज, साहित्य येतंच. नावात 'एरिया स्टडीज' नाही, पण आतला माल तोच. वर्षाची शिक्षण फी काही शेकड्यांत! मी हे सांगितलं तेव्हा काकांनी मला दोनदा विचारलं, शेकड्यांत की हजारांत? प्रवेश 2022 पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो, आणि शिक्षणात मागे राहिलेल्या जिल्ह्यांतल्या मुलांना काही वाढीव गुण द्यायची तिथली जुनी पद्धत आहे. आपला जिल्हा यादीत आहे का, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत न चुकता बघा. गावातलं कुणी ते बघत नाही आणि मग म्हणतो, दिल्ली आपल्यासाठी नाही.

हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ, याच जातीतलं. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात 1937 पासून चीना भवन आहे. चिनी शिकायची त्याहून सुंदर जागा मला तरी सुचत नाही. कोरियन रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठातही शिकता येतं. आणि ज्याला सरळ इंटरनॅशनल रिलेशन्स याच नावाची पदवी हवी, त्यानं कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठाकडे बघावं. तिथला हा विभाग 1956 चा, सरकारी फीतला, आणि बी.ए.ला हा विषय घेता येणाऱ्या देशातल्या मोजक्या जुन्या जागांपैकी एक. खासगीत सोनिपतच्या जिंदाल विद्यापीठात ग्लोबल अफेअर्स आहे, पुण्याच्या फ्लेममध्ये इंटरनॅशनल स्टडीज हा मेजर आहे. शिक्षक चांगले, वातावरण हॅपनिंग, पण फी लाखांत. स्कॉलरशिप किती आणि पुढच्या वर्षी टिकवायला मार्क किती लागतात, हे लेखी घेतल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.

पुण्याचा विषय निघाला की मावशीच्या डोळ्यांत चमक येते, कारण तिथे मी आहे. (माझी वन रूम किचन तिनं पाहिलेली नाही.) पुण्यातला रस्ता जोडवाटेचा: एखाद्या बऱ्या कॉलेजात राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. आणि संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा भाषेचा कोर्स. जपानीसाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठात थेट बी.ए. आहे. पण कोरीटहून पुणं चारशे किलोमीटरच्या आसपास. सुरत दीडशे, बडोदा त्यापुढे, आणि दारातून रेल्वे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात पदवीला फ्रेंच, जर्मन, रशियन घेता येतं. आपल्याच गायकवाडांच्या गावचं विद्यापीठ, गुजराती अर्धी-अधिक येतेच, तरी नंदुरबारच्या मुलांना कुणी तिकडे बघ म्हणून सांगत नाही. राज्याची सीमा डोक्यात फार पक्की बसलेली असते.

आणि घर सोडणंच शक्य नसेल तर? तर जवळच्या कॉलेजात राज्यशास्त्र, जमल्यास संरक्षणशास्त्र, आणि सोबत इग्नूचा भाषेचा सर्टिफिकेट कोर्स. ग्लॅमर शून्य. पण तीन-चार वर्षांनी एम.ए.च्या दारात हाच विद्यार्थी एका भाषेनं पुढे असतो.

परदेश, पण फुकटात

परदेशी डिग्र्यांचं वर्णन वाचलं की जीव जळतो, इतकं सगळं मनासारखं असतं. फ्रान्सच्या सियाँस पो या संस्थेनं पदवीचे कॅम्पस प्रदेशांप्रमाणेच वाटलेत: आशियासाठी ल आव्हर, मध्यपूर्वेसाठी माँतों, लॅटिन अमेरिकेसाठी प्वातिए, आणि तिसरं वर्ष परदेशात काढावं लागतं. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टडीजमध्ये प्रत्येकानं जगाचा एक प्रदेश आणि त्याची एक भाषा निवडायची. दोहात 2005 पासून जॉर्जटाउनचा कॅम्पस आहे. सगळं छान, आणि एकर संपतील असं.

आपल्याकडच्या सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या इथे उपयोगी पडत नाहीत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप एम.ए. आणि पीएच.डी.साठीच आहे. शिवाय 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास असे विषय परदेशात जाऊन शिकायला ती मिळत नाही. म्हणजे झेलियटबाईंनी केला तो अभ्यास आपल्याच मुलानं लंडनला जाऊन करायचा म्हटला, तर या पैशांतून नाही.

पण दोन दारं उघडी आहेत. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आणि कोरिया सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप. दोन्ही पदवीसाठीही मिळतात. कोरियाचं पॅकेज असं: विमानाचं तिकीट, एक वर्ष भाषा, मग चार वर्षांची पदवी, फी माफ आणि महिन्याचा खर्च वर. अट साधारण ऐंशी टक्क्यांपुढच्या मार्कांची. जागा अगदी थोड्या, स्पर्धा जबर. तरी अर्ज करायला कुणाची जमीन लागत नाही.

नोकरीचं काय?

काकांचा हा प्रश्न येणारच होता. मी यूपीएससी म्हणायच्या आत त्यांनीच म्हटलं, "फॉरेन सर्व्हिस का?" तर एक भ्रम आधी काढून टाकू: परराष्ट्र सेवेत जायला इंटरनॅशनल रिलेशन्सची पदवी लागत नाही, कुठलीही चालते. निवड झाल्यावर सरकारच भाषा शिकवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, तोक्योत पोस्टिंग झालं, जपानी शिकले, पुढे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल झाले. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचं पुस्तक मी मावसबहिणीसाठी घेऊनच गेले होते. पण एका परीक्षेच्या भरवशावर पदवी निवडू नये. थिंक टँकच्या नोकऱ्या बहुतेक दिल्लीत, आपल्याकडे मुंबईचं गेटवे हाउस, पुण्याचं पुणे इंटरनॅशनल सेंटर, झालं. आणि त्यांना एम.ए. तरी हवंच असतं. नुसत्या ग्लोबल पदवीला लगेच नोकरी मिळणं कठीण आहे, हे मी तिथे स्पष्ट सांगितलं.

भाषेला मात्र मिळते. रांजणगावला एलजी आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं 2023 मध्ये केला. चाकण पट्ट्यात जपानी आणि जर्मन कंपन्या आहेत. दुभाषे, भाषांतरकार, खरेदी-विक्रीच्या टेबलावर दोन्हीकडचं बोलणं कळणारी माणसं तिथे लागतात. यंत्र भाषांतर करतं हो, पण समोरचा 'बघू' म्हणाला म्हणजे 'नाही' म्हणाला, हे कळायला त्याच्या घरी जेवलेलं माणूस लागतं.

मी कोरियनचं उदाहरण वारंवार का देतेय, ते आता सांगते. दुपारी जेवणं झाल्यावर मावसबहिणीनं हळूच मोबाइल पुढे केला. कोरियन मालिका. एका अंगणात चटई पसरलेली आणि तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. एक म्हातारी उकिडवी बसून त्या उलटत होती. "बघ ताई, पथारी," ती म्हणाली. "तिकडेपण." तिच्या वहीच्या मागच्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं कोरियन अक्षरांत लिहिलेली होती. आजीचंसुद्धा. कुणी शिकवलं? कुणीच नाही, मोबाइलवर.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते एवढं. सीयूईटीचा फॉर्म, पहिली पसंती जेएनयूचं कोरियन. नाही जमलं तर बडोदा. तेही नाही तर नंदुरबारलाच राज्यशास्त्र आणि भाषा सुरू. मार्क चांगले पडले तर कोरियाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. दीड एकर जागच्या जागी. दिल्लीत एकटी पोरगी कशी राहील, हा मावशीचा प्रश्न मात्र सुटला नाही. तिनं तो रात्रीसाठी राखून ठेवला आहे असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ब्रोशर आजीनं घेतलं. कागद जाड होता, त्यावर तिनं मिरचीचं बी वाळत घातलं.

काका उठता उठता थांबले. "तिकडे मिरचीला भाव काय आहे सध्या?"

मावसबहिणीनं मोबाइलवर शोधलं. पान उघडलं, सगळं कोरियनमध्ये. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, काका शेजारी वाकून ऐकत राहिले. चार ओळी झाल्यावर तिनं मान वर केली.

"वाचता येतंय बाबा," ती म्हणाली. "कळत नाही अजून."